जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचीय? आधी तिची फाइल मागा

रामघाटाच्या गल्लीत समोरून सांड आला, तर तुम्हाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहावं लागतं. स्कूटर आली तर पोट आत घ्यावं लागतं. काशीतल्या या पट्ट्यात, म्हणजे रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट इथे, मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वाडे आहेत, सांगवेद विद्यालय आहे, भाद्रपदात गणपती बसतो. फक्त कुणाच्याही दारात चारचाकी नाही, कारण ती दारापर्यंत येऊच शकत नाही.

अशा घरात वाढलेल्या माझ्या चुलतभावाने गेल्या वर्षी रात्रीच्या जेवणात जाहीर केलं, "मी जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतोय." काकांनी आमटी वाढून घेत एकच प्रश्न विचारला, "ठेवणार कुठे?" काकू म्हणाली, "आणि बंद पडली तर?"

तुमच्याही घरात असा कुणी असेल. नवरा, मुलगा, भाऊ, किंवा तुम्ही स्वतः. या गाड्यांचे व्हिडिओ बघत रात्री जागवणारा. दादाबरोबर मी सहा महिने फिरले, दोन शहरांत गाड्या पाहिल्या, मिस्त्रींचे टोमणे ऐकले. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण काकूचा आणि काकांचा प्रश्न दोन्ही अगदी बरोबर होते.

मुळात भारतात मिळतं काय?

सिनेमात आणि गेममध्ये दिसणारी टोयोटा सुप्रा किंवा माझदा आरएक्स-७ मनातून काढून टाका. नव्वदच्या दशकातल्या त्या गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्याच गेल्या नाहीत. बाहेरून जुनी गाडी आणायची तर नियम कडक आहे. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि वर सीमाशुल्क जवळजवळ गाडीच्या किमतीइतकं किंवा त्याहून जास्त. जुनी सुप्रा बनायची थांबली २००२ मध्ये. आता ती या नियमात कशी बसेल, तुम्हीच सांगा. तरी कुणी "कागद क्लिअर आहेत" म्हणत तुम्हाला अशी गाडी दाखवली, तर ती कोणत्या मार्गाने देशात आली हे आधी विचारा. चुकीच्या कागदांवर आणलेली गाडी सीमाशुल्क खातं नंतरच्या मालकाकडूनही जप्त करू शकतं. पैसे तुमचे जातात, विकणारा केव्हाच नंबर बदलून मोकळा होतो.

अधिकृतपणे आलेल्या खऱ्या स्पोर्ट्स कार मोजक्याच. मित्सुबिशीची लॅन्सर इव्हो, निस्सानची ३७०झेड, आणि २०१६ च्या शेवटी साधारण दोन कोटींना आलेली निस्सान जीटी-आर. या जुन्या घेतल्या तरी मध्यमवर्गीय घराच्या हिशोबात बसत नाहीत.

मग दादासारखी मुलं काय घेतात? होंडा सिटीचं पहिलं मॉडेल, तेही व्हीटेक इंजिनवालं. किंवा जुनी लॅन्सर, सेडिया, २००६ नंतरची सिव्हिक. कागदावर या सगळ्या सेडान. मागे आजी बसते, डिकीत बॅगा मावतात. पण शंभराहून थोडी जास्त हॉर्सपॉवर आणि जेमतेम टनभर वजन असलेली ती जुनी सिटी ज्यांनी चालवली आहे, त्यांना तिला फक्त सेडान म्हटलेलं आवडत नाही. मलाही आता आवडत नाही.

'जपानी म्हणजे बिनघोर' हे अर्धंच खरं

जपानी इंजिन टिकतं ही गोष्ट खोटी नाही. पण ते कशामुळे टिकतं, हे कळलं तर पुढची फसगत टळते. व्हीटेकचंच घ्या. इंजिन वेगात फिरू लागलं की ऑइलच्या दाबाने एक छोटी खीळ सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतात. त्या क्षणी गाडीचा आवाज बदलतो, आणि त्याच आवाजावर ही पोरं फिदा असतात. पण सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा आहे. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल, तर हीच हुशार यंत्रणा आधी रुसते.

टायमिंग बेल्टचंही तसंच. या जुन्या होंडांमध्ये साखळी नसून रबरी बेल्ट असतो. बाहेरून तो दिसत नाही. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. विकणारा म्हणतो, "बेल्ट बदललाय." कधी? बिल कुठे? बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि ती रक्कम किमतीतून कापून मागायची.

नव्वदच्या दशकातल्या होंडांची आणखी एक ओळखीची तक्रार सांगते, कारण तिच्यावर लोक उगाच हजारो रुपये घालवतात. भर उन्हात उभी केलेली गाडी चालूच होत नाही, संध्याकाळी मात्र मुकाट चालू होते. बहुतेक वेळा दोष मेन रिलेमधल्या सोल्डरच्या बारीक चिरांचा असतो. उष्णतेने चीर उघडते, पंपाला वीज मिळत नाही. चांगला इलेक्ट्रिशियन ते डागून देतो. बनारसच्या मे महिन्यात हे ठाऊक असणं फार मोलाचं आहे.

टर्बोवाल्या गाड्यांत धोका वेगळा. त्यांची ताकद कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून वाढवता येते, आणि विकायच्या वेळी पुन्हा मूळ सेटिंग टाकता येतं. इंजिनाने सोसलेला ताण मात्र तसाच राहतो. माझदाच्या रोटरी इंजिनात तर पिस्टनच नसतात, तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरचे सील झिजले की ताकद जाते. हे इंजिन थोडं ऑइल जाळतं ते बिघाडामुळे नाही, त्याची रचनाच तशी आहे. हे न कळणाऱ्या मालकाने ऑइल भरलं नाही की ते मरतं.

थोडक्यात, गाडी विश्वासाची आहे का हे विचारण्यापेक्षा आधीचा माणूस विश्वासाचा होता का, हे शोधावं लागतं.

माझी मावसबहीण ऑकलंडला असते. तिने तिथे जपानहून आलेली वापरलेली माझदा रोडस्टर घेतली. न्यूझीलंडमध्ये अशा गाड्या सर्रास येतात, कारण दोन्ही देशांत गाडी डावीकडूनच चालते. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात. खर्च बराच येतो, म्हणून अनेक जण धडधाकट गाडीही लिलावात काढतात. लिलावात गाडीचा एक कागद असतो. त्यावर श्रेणी, धावलेले किलोमीटर आणि शरीराच्या आकृतीवर प्रत्येक ओरखडा मांडलेला. 'आर' लिहिलं असेल तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली. ताईने फोनवर मला सांगितलं, "मी गाडी नंतर पाहिली, कागद आधी वाचला. आणि खाली वाकून गंज बघितला, कारण बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात."

आपल्याकडे असा कागद नाही. तो आपणच जमवायचा असतो.

दिल्लीची गाडी आणि न जुळलेला नंबर

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तेव्हापासून तिथल्या चांगल्या जुन्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या जिल्ह्यांत येऊ लागल्या. भाव कमी, रंग चकचकीत. दादाला अशीच एक लाल सिटी सापडली. रात्रीच्या गाडीने आम्ही दिल्लीला गेलो.

पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. पहिली शंका तिथेच यायला हवी होती. गार इंजिन चालू करतानाच निळा धूर, खडखड, लटपट हे सगळं कळतं. म्हणून तुम्ही बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा प्यायला जा आणि दोन तासांनी या.

गाडी पळत छान होती. दादाचा चेहरा मी पाहिला, तो मनातून घेऊन मोकळा झाला होता. टोकनचे २० हजार काढलेही होते. मग आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी टॉर्च मागितला, इंजिनवरचा नंबर वाचला आणि आरसी मागितली. नंबर जुळत नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं इंजिन बसवलेलं होतं आणि आरसीवर त्याची नोंद नव्हती. विकणारा हसून म्हणाला, "सब चलता है." मिस्त्री म्हणाले, "भइया, चलता है, लेकिन किसके नाम पर?"

तुमच्या लक्षात आलं का? इंजिन बदलणं हाच गुन्हा नाही, परवानगी घेऊन आरसीवर नोंदवता येतं. नोंद नसेल तर नाव बदलताना आरटीओ अडवू शकतं, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात. परतीच्या गाडीत दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तीन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते. वाचले, पण त्याला त्या रात्री ते वाचल्यासारखे वाटत नव्हते.

तर कागदांचं सांगते. एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून कर्ज, विमा, थकलेले चलान बघा. दुसऱ्या राज्यातून येणार असेल तर २८ नंबरच्या फॉर्मवर एनओसी, नाव बदलायला २९ आणि ३०. गाडी १५ वर्षांची झाली की फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. कारसाठी ही फी ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. त्यावर राज्याचा कर वेगळा. दादाला आवडणाऱ्या सगळ्या गाड्या विशीच्या पुढच्याच आहेत, हे काकांनी लगेच हेरलं.

आणि पुराची गाडी ओळखायला शिका. घाटावर राहणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. गंगेचा गाळ सुकल्यावर कसा वास येतो ते आम्हाला पाठ आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते. स्टेपनीखालचा कोपरा बघा, पायाखालचा गालिचा उचला. धुणारा तिथवर पोचत नाही.

घेतल्यानंतरची गोष्ट

शेवटी सिटी मिळाली ती लखनऊला. २००२ ची, रंग उडालेली, डाव्या दारावर पोचा. मालक निवृत्त होते. त्यांनी गाडीआधी एक फाइल पुढे केली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, काही तर हाताने लिहिलेली. दादाने दोन लाख दहा हजार दिले आणि घासाघीस केली नाही.

पहिल्या वर्षात वर ८० हजार गेले. बेल्ट, वॉटर पंप, टायर, सस्पेन्शनची बुशं, रेडिएटर. कुठल्याशा मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, आपल्याकडची ही जुनी खोड आहे, तोही बसवला. इंजिनाचे भाग मिळतात. रडवतात ते बाहेरचे. हेडलाइट, बंपर, काचेच्या रबरी पट्ट्या. त्यासाठी दिल्लीचं मायापुरी किंवा मुंबईतलं कुर्ला गाठावं लागतं. म्हणून किंमत ठरवताना एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवाच. जवळचे सगळे पैसे गाडीतच घालणारा माणूस सहा महिन्यांत ती विकतो.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला चालतील असे भाग गाड्यांमध्ये एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते दर सर्व्हिसला तपासायचे, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवायची नाही.

उभं राहणं हाच या गाड्यांचा खरा शत्रू. काकांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दादाने सिगऱ्याला एक शेड भाड्याने घेतली. पावसाळ्यात तीन आठवडे तो गेला नाही, तर उंदरांनी वायर कुरतडली आणि बॅटरी बसली. बनारसची माकडं बाहेर, उंदीर आत. आता दर रविवारी ऊन असो, पाऊस असो, अर्धा तास गाडी चालतेच. "इतका नेम तू संध्येचा पाळत नाहीस," असं काकू म्हणते.

आजीला मात्र ती गाडी बरेच दिवस दिसलीच नव्हती. गुडघ्यांमुळे तिला गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालवत नाही, आणि गाडी त्याच्या पुढे येत नाही. मग दादालाच सुचलं. कार्तिकातल्या एका सकाळी रामघाटाच्या पायऱ्या आम्ही तिला धरून उतरवल्या, नावेत बसवलं आणि प्रवाहाबरोबर नमो घाटाला नेलं. तिथे वाहनतळ पाण्यापासून जवळ आहे. दादा गाडी घेऊन उभा होता, दारावरचा पोचा अजून तसाच.

आजीने गाडीला एक चक्कर मारली. म्हणाली, "अरे, ही तर जुनीच आहे." मग पुढच्या सीटवर बसली. सीट इतकी खाली की सारनाथला तिला बाहेर काढायला आम्हाला दोघांना ओढावं लागलं.