मे महिन्यातला नळ

जव्हार-मोखाडा तालुक्यांत पावसाची कमी नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मराठवाड्याच्या जवळजवळ तिप्पट. तरी होळी सरली की पाड्यापाड्यांतून टँकरची मागणी सुरू होते. दरवर्षीचंच म्हणून आता याची कुणाला लाजही वाटत नाही.

मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. उतार असा की मुरलेलं पाणीही झऱ्यांवाटे दरीत निघून जातं. पाडा वर, पाणी खाली. बोअर मारावी तर अनेकदा धूळच वर येते. विहिरीने तळ गाठला की बाया झिऱ्याशी बसतात. वाटीवाटीने हंडा भरायचा, मग झिरा पुन्हा साचेपर्यंत थांबायचं. फडक्यातून गाळलं तर गाळ राहतो, रोगजंतू हंड्यात जातातच. मग चुंबळ, तीवर हंडा, वर कळशी, आणि पुढे चढण.

याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देता यावं म्हणून ते बांधलं. मुंबईची तहान खोटी नाही. पण धरणाच्या तालुक्यात टँकर फिरावा, हा अन्याय आहे.

2019 साली घरोघरी नळाने पाणी देण्यासाठी जलजीवन मिशन आलं. माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला 275 लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने अठरा खेपा. ज्या बाईची सकाळ दोन खेपांत संपते, तिला हा नळ हवाच आहे. पण योजना नळजोडण्या मोजते. जोडणीमागचा पाण्याचा उद्भव मार्चमध्ये आटला, तर टाकी आणि पाइप उभे राहून काय उपयोग?

शौचालयाचंही तेच. 12 हजारांच्या सरकारी अनुदानातून भिंती उभ्या राहिल्या. पाच माणसांच्या वापराला रोज किमान एक हंडा लागतो, आणि डोक्यावरून आणलेला तो हंडा आधी चुलीकडेच जाणार. शौचालयात सरपण रचलेलं दिसलं, तर अडाणीपणा म्हणण्याआधी पाणी किती लांब आहे ते बघावं. शोषखड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला खणला, तर भेगांतून मैला खाली उतरण्याचा धोका आहे, तो वेगळाच.

झऱ्याचं तोंड बांधून झाकावं, खाली टाकी घ्यावी, तिथून सौरपंपाने पाणी पाड्यावर चढवावं, वरच्या उतारावर चर खणून झाडं राखावीत. यातलं काही अवघड नाही. त्याआधी झरा मोजायला हवा, तोही मे महिन्यात: एक बादली, एक घड्याळ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे हे जाणणारी माणसं आहेत. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने इथल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते. बादली किती वेळात भरली, याची नोंद त्या ग्रामसभेच्या वहीत व्हावी, आणि ती पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये.