विश्लेषण : महिला खेळाडूंचा खेळ विकला जातो की रूप? नागपूरच्या दिव्याचा प्रश्न जळगाव-धुळ्यालाही का लागू पडतो?

जानेवारी २०२४. नेदरलँड्समधील विक आन झी येथील टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा संपली आणि नागपूरच्या १८ वर्षांच्या दिव्या देशमुखने इन्स्टाग्रामवर एक सविस्तर पोस्ट लिहिली. आपले काही डाव चांगले झाले आणि त्याचा अभिमान वाटतो, असे तिने सांगितले. मात्र प्रेक्षकांचे लक्ष चालींकडे नव्हते, तर आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब याकडे होते, अशी तिची तक्रार होती. वयाच्या चौदाव्या वर्षापासून आपण हे सोसत आहोत, असेही तिने लिहिले.

दीड वर्षाने, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बातुमी येथे याच दिव्याने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. चालींवर नजर ठेवणाऱ्यांना हे अनपेक्षित नव्हते.

बुद्धिबळात खेळाडू खुर्चीत बसून असतो. तिथेही मुलीच्या केसांची चर्चा होत असेल, तर बॅडमिंटन, कुस्ती, धावणे या खेळांत काय होत असेल? आणि याला जबाबदार फक्त टवाळखोर प्रेक्षक आहेत की खेळ विकणारी यंत्रणाही?

खेळ विकणाऱ्यांनी आजवर काय केले?

रूप पुढे करून महिलांचा खेळ विकण्याची कल्पना अनेकदा खेळ चालवणाऱ्या संघटनांकडूनच आली आहे.

२००४ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी महिला फुटबॉलपटूंनी अधिक घट्ट शॉर्ट्स घालाव्यात, असे सुचवले होते. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने वरच्या दर्जाच्या स्पर्धांत महिलांना स्कर्ट किंवा ड्रेस सक्तीचा करण्याचे ठरवले. खेळाचे सादरीकरण आकर्षक व्हावे, हे कारण दिले गेले. खेळाडूंनी इतका विरोध केला की नियम लागू होण्याआधीच थांबवावा लागला आणि २०१२ मध्ये तो रद्द झाला.

त्याच सुमारास बॉक्सिंगमध्येही महिलांसाठी स्कर्टचा प्रस्ताव आला. टीव्हीवर महिला आणि पुरुष बॉक्सर वेगळे ओळखू यावेत, असे त्यामागचे स्पष्टीकरण होते. शेवटी स्कर्ट ऐच्छिक ठेवण्यात आला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक जिंकले, तेव्हा लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे ठोसे.

२०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १,५०० युरोचा दंड झाला. पुरुष संघ मात्र नियमानुसारच शॉर्ट्समध्ये खेळत होते. जगभरातून टीका झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला.

बुद्धिबळही यातून सुटलेले नाही. २०२१ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने महिला बुद्धिबळासाठी मोठा प्रायोजक जाहीर केला. तो होता स्तनांचे कृत्रिम रोपण बनवणारा ब्रँड. महिलांच्या स्पर्धांना पैसा हवा होता, यात शंका नाही. पण पुरुषांच्या स्पर्धेसाठी असा प्रायोजक कुणी शोधला असता का, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

भारतात हे कधीपासून?

आपल्याकडे क्रीडा मार्केटिंगने बाईला पडद्यावर आणले, ते आधी खेळाडू म्हणून नाही. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकात मंदिरा बेदी सूत्रसंचालन करत होत्या. त्यांच्या प्रश्नांपेक्षा साडीच्या ब्लाउजची चर्चा जास्त झाली. २००८ मध्ये आयपीएल आली आणि सोबत चीअरलीडर्सही. महिला क्रिकेटपटूंची स्वतंत्र मोठी लीग यायला मात्र २०२३ उजाडले.

दुसरीकडे २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या टेनिस स्कर्टवर एका धर्मगुरूने आक्षेप घेतला. २०१८ मध्ये पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने इराणमधील आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धेतून माघार घेतली, कारण तिथे डोक्यावर रुमाल बांधणे सक्तीचे होते.

एक म्हणतो कमी कपडे घाल, दुसरा म्हणतो जास्त घाल. दोन्ही टोके विरुद्ध वाटतात. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. खेळणारीला काय सोयीचे आहे, हे तिला कुणीच विचारत नाही.

रूप दाखवले तर प्रेक्षक खरेच वाढतात का?

‘जे दिसते तेच विकते’ हा मार्केटिंगवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासक मेरी जो केन यांनी तो तपासून पाहिला. त्यांनी लोकांना महिला खेळाडूंची वेगवेगळ्या प्रकारची छायाचित्रे दाखवली. काहींत त्या खेळताना होत्या, काहींत मादक पोझमध्ये. मादक छायाचित्रे काही पुरुषांना आवडली, पण म्हणून त्यांची सामना पाहण्याची इच्छा वाढली नाही. महिला आणि वयस्कर पुरुष उलट नाराज झाले. सामना पाहावासा वाटला तो खेळतानाची छायाचित्रे पाहून. २०११ मध्ये केन यांनी मांडलेला निष्कर्ष सोपा आहे : मादकतेने मादकता विकली जाते, महिलांचा खेळ नाही.

आपल्याकडचे ताजे उदाहरण तर सर्वांनी पाहिले आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिला विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी. जिओहॉटस्टारवर हा अंतिम सामना १८.५ कोटी वापरकर्त्यांनी पाहिल्याचे जाहीर झाले. २०२४ च्या पुरुष टी-२० विश्वचषक अंतिम सामन्याइतकाच हा आकडा आहे. एवढे लोक मध्यरात्रीपर्यंत जागले, ते कुणाचा फोटो पाहण्यासाठी नाही.

मग खेळाडूंनी जाहिराती करूच नयेत का?

जरूर कराव्यात. खेळाडूला सुंदर दिसायला आवडणे, मासिकासाठी छायाचित्रे काढणे, साडी किंवा शॉर्ट्स निवडणे हा तिचा प्रश्न आहे. विराट कोहली कपड्यांच्या जाहिराती करतो म्हणून त्याच्या फलंदाजीवर कुणी शंका घेत नाही.

अडचण तिथे येते, जिथे जाहिरात ही निवड न राहता गरज होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने महिला आणि पुरुषांचे सामन्याचे मानधन सारखे केले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. वार्षिक करारात मात्र २०२४-२५ मध्ये पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी, तर महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख होते. ही स्थिती देशातील सर्वात श्रीमंत खेळाची. खो-खो, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्सची कल्पना यावरून करता येईल.

खेळातून मिळणारे पैसे कमी, म्हणजे प्रायोजकावर अवलंबून राहणे जास्त. आणि प्रायोजक कॅमेऱ्यात कोण ‘चांगली दिसते’ हे पाहून आला, तर क्रमवारीत वर असलेली पण त्या साच्यात न बसणारी मुलगी मागे राहते. सांगलीची स्मृती मानधना जगातील अव्वल फलंदाजांपैकी एक. तरीही समाजमाध्यमांवर तिला वर्षानुवर्षे ‘नॅशनल क्रश’ म्हटले जाते. हे कौतुक वाटते खरे, पण त्यात तिच्या कव्हर ड्राइव्हला जागा नाही.

मोबाइलच्या फीडचा यात वाटा किती?

मोठा आहे. फीड ठरवणाऱ्या प्रणालीला खेळ आणि रूप यांतला फरक कळत नाही. ती मोजते ते असे : तुम्ही पोस्टवर किती सेकंद थांबलात, टॅप केले का, कमेंट लिहिली का, पुढे पाठवली का. ज्या पोस्टवर हे आकडे जास्त, ती आणखी लोकांना दाखवली जाते.

म्हणून रागाने लिहिलेली कमेंटही त्या पोस्टला बळच देते. ‘लाज वाटत नाही का असे फोटो टाकायला’ असे लिहिणारा तोच फोटो आणखी लोकांपर्यंत पोहोचवत असतो. न्यूज पोर्टलच्या डेस्कवर रोज हेच आकडे समोर असतात. स्कोअरकार्डपेक्षा ‘पाहा ग्लॅमरस फोटो’ गॅलरीला जास्त क्लिक मिळाले, की दुसऱ्या दिवशी तशाच दोन गॅलरी लागतात. नंतर म्हटले जाते, वाचकांनाच हे हवे आहे. पण त्याच सामन्याचे चांगले वार्तांकन शेजारी ठेवलेच नसेल, तर वाचकाने निवड केली असे म्हणता येत नाही.

टीव्हीने यात थोडी सुधारणा केली आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अधिकृत प्रक्षेपण संस्थेने कॅमेरामनना स्पष्ट सांगितले होते, की महिला आणि पुरुष खेळाडूंचे चित्रण सारख्याच पद्धतीने करा.

जळगाव-धुळ्याचा याच्याशी संबंध काय?

खान्देशात महिलांच्या खेळाला जुनी परंपरा आहे. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकताना टेबल टेनिस खेळत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी बक्षिसे मिळवली होती. १९६२ मध्ये त्या ‘कॉलेज क्वीन’ ठरल्या आणि त्याच वर्षी आमदारही झाल्या. त्यांच्या छापील परिचयांत टेबल टेनिस आणि हा किताब शेजारी-शेजारी येतात. किताबाचे नाव आणि साल नीट नोंदलेले असते. टेबल टेनिसचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत संपतो. खेळाडू बाईबद्दल काय जपून ठेवायचे, याची सवय तेव्हापासूनची आहे.

आजचे चित्र वेगळे आहे. दिव्याच्या विश्वविजयानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला, जळगावच्या जैन हिल्सवर ११ वर्षांखालील राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली. देशभरातून आलेल्या मुलींचा त्यात स्वतंत्र गट होता. पटावर बसलेल्या या मुली येत्या चार-पाच वर्षांत त्याच वयाच्या होतील, ज्या वयापासून दिव्याला कमेंट्स सोसाव्या लागल्या.

इकडे धुळ्याच्या गरुड मैदानावर किंवा जळगावच्या क्रीडा संकुलात पहाटे धावणाऱ्या मुलींपुढे पोलीस भरती असते, राज्याच्या नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षण असते, दहावी-बारावीचे क्रीडा गुण असतात. खेळ हा त्यांच्यासाठी नोकरीचा रस्ता आहे. तो रस्ता पुढे चालू ठेवायचा की नाही, हे बहुतेक वेळा घरात ठरते. आणि घरी मुलीचा निकाल पोहोचण्याआधी तिचा फोटो पोहोचतो. भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फिरला आणि कुणी खाली दोन शब्द वावगे लिहिले, की ‘पोरी, आता पुरे झाले’ हे वाक्य दूर नसते. मोठ्या शहरातल्या खेळाडूला कमेंटचा मनस्ताप होतो. छोट्या गावातल्या मुलीचा त्यात खेळच बंद पडू शकतो.

कायदा काय सांगतो?

- स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ पासून आहे आणि तो जाहिरातींनाही लागू होतो.
- जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये लिंगभेदी साचेबद्ध चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यात व्यक्तीला वस्तूसारखे दाखवण्यावर आक्षेप आहे. परिषदेकडे सामान्य ग्राहकही तक्रार करू शकतो.
- २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात ‘कामाची जागा’ या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाणही येते.
- फोटोत छेडछाड करून पसरवल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. मुलगी १८ वर्षांखालील असेल आणि फोटो अश्लील केला असेल, तर पोक्सो कायदा लागू होतो.

वाचक म्हणून काय करता येईल?

एक सोपी चाचणी आहे. बातमीच्या मथळ्यात मुलीच्या जागी मुलाचे नाव टाकून पाहा. ‘देखण्या गुकेशने जिंकली मने’ असे वाचून हसू आले, तर मूळ मथळाही चुकीचाच आहे.

स्थानिक आयोजक आणि शिक्षकही बरेच काही करू शकतात. खेळाडूचा फोटो खेळतानाचा असावा आणि सोबत निकाल असावा : कोणाला हरवले, किती वेळ दिली, किती गुण मिळवले. बक्षीस समारंभात पाहुण्यांना फुले द्यायला संघातल्याच मुलींना नटवून उभे करण्याची पद्धत बंद करावी. गणवेश ठरवताना मुलींना विचारावे. पालकांनीही फोटो पुढे पाठवण्याआधी मुलीची परवानगी घ्यावी.

आणि वाईट पोस्ट दिसली, तर खाली भांडत बसू नये. रिपोर्ट करावी, पुढे जावे आणि त्याच खेळाडूचा सामना उघडून पाहावा. फीडला कळणारी भाषा तेवढीच आहे. १८.५ कोटी लोकांनी नोव्हेंबरच्या त्या रात्री ती बोलून दाखवली होती.