पेशव्यांनी दिलेली जागा

सांगवी हे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले आहे. तेथून मुळा ओलांडून पुणे शहरात शिरावे आणि पूर्वेकडील नाना पेठेपर्यंत जावे. तेथे क्वार्टर गेटाजवळ एक जुने चर्च आढळते. लोक त्यास 'सिटी चर्च' म्हणतात. येशू ख्रिस्ताची माता मरिया हिच्या नावाने ते उभारलेले आहे. या चर्चसाठी पेशव्यांनी जागा दिली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

नवल वाटण्यास कारणही तसेच आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांपासून वसईचा किल्ला जिंकून घेतला. त्या मोहिमेत मोठी प्राणहानी झाली. तेथील चर्चमधील अवजड घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी घाट चढवून देशावर आणल्या. त्यांतील एक भीमाशंकराच्या देवळापुढे आहे. दुसरी वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर टांगलेली असून तिच्यावर बाळ येशू व मरिया यांची आकृती आणि १७०७ हे साल स्पष्ट दिसते. मेणवलीचा तो वाडा नाना फडणिसांचा!

या विजयानंतर त्रेपन्न वर्षांनी, १७९२ साली, पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव होते. चिमाजी आप्पा हे त्यांच्या पणजोबांचे धाकटे बंधू. सवाई माधवरावांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते व कारभार नाना फडणीस पाहत. तोवर युद्धाची रीत पालटली होती. नुसत्या घोडदळावर भागेना. तोफखाना व कवायती पायदळ हवे होते. अशा कामात निष्णात असलेले युरोपियन व गोव्याकडील ख्रिस्ती लोक मराठ्यांच्या चाकरीत होते. दों मिगेल दि नोरोन्या हा त्यांपैकीच एक पोर्तुगीज अधिकारी.

या शिपायांची अडचण साधी, पण मोठी होती. बाळाचा नामविधी, विवाह, मृताचा अंत्यविधी यांपैकी काहीही धर्मगुरूवाचून यथाविधी होत नसे. आणि गोवा तर किती दूर! नोरोन्या याने पेशव्यांकडे चर्चसाठी जागा मागितली आणि ती मिळाली. हे निव्वळ औदार्य होते, असे मला वाटत नाही. ज्याने आपल्यासाठी रणात उभे राहावे, त्याच्या प्रार्थनेची व मरणोत्तर विसाव्याची सोय धन्याने पाहावी, एवढा व्यवहार दरबारास कळत होता. मात्र शत्रूचा धर्म म्हणून तो नाकारला गेला नाही, हेही तितकेच खरे.

आरंभीची वास्तू लहान व साधी होती. १८१८ साली पेशवाई बुडाली, परंतु चर्च राहिले. इंग्रजांच्या पलटणींतील आयरिश शिपायांसाठी १८५० साली सेंट पॅट्रिक्स हे दुसरे चर्च उभे राहिले. नाना पेठेतील आजची इमारत १८५२ ची आहे. दर वर्षी ८ डिसेंबरला तेथे मरियेचा सण असतो.