विद्यार्थ्याच्या वेळेचा मालक कोण?

जून सरत आला आणि पदवीच्या प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपले, की सोलापूरच्या एस. टी. स्थानकावर सकाळच्या गाड्यांतून विद्यार्थ्यांचे लोंढे उतरू लागतात. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांतून येणाऱ्या या मुलांपैकी अनेकांची नजर महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असते, तितकीच नवी पेठेतील दुकानांच्या दारांवरही असते. 'कामाला मुलगा पाहिजे' अशी पाटी कोठे ना कोठे लटकत असतेच. पाटीवर कामाची वेळ नसते आणि पगारही नसतो. आत जाऊन चौकशी केली तर पहिला प्रश्न येतो, 'पूर्ण वेळ येणार का?' आणि दुसरा येतो, 'कोणाच्या ओळखीने आलास?' दोन्ही प्रश्नांना धड उत्तर नसलेला खेड्यातला मुलगा पायरी उतरतो आणि पुढच्या पाटीकडे वळतो.

या मुलाला उपदेश करणारे दोन पक्ष समाजात आहेत. 'शिकायच्या वयात शिकावे, कमावण्यास उभा जन्म आहे,' असे एक पक्ष सांगतो. 'कष्ट करून शिकण्यात कमीपणा कसला?' असे दुसरा विचारतो. दोन्ही म्हणणी ऐकावयास गोड आहेत, परंतु दोहोंतही मूळ प्रश्न निसटतो. ज्याच्या घरी कोरडवाहू जमीन आणि दोन धाकटी भावंडे आहेत, त्याला काम करावे की न करावे ही निवड नसतेच. खरा प्रश्न हा की, काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे तास कोणाच्या ताब्यात राहणार? त्याच्या स्वतःच्या, त्याच्या महाविद्यालयाच्या, की दुकानदाराच्या?

भिक्षेकडून श्रमाकडे

गरीब विद्यार्थ्याने पोट कसे भरावे, या प्रश्नाला महाराष्ट्राने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. एका काळी माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे हे त्याचे उत्तर होते. सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या घरी, अशा रीतीने आठवडा भरला जाई. या सोयीत दयाबुद्धी होती, पण तिचा दरवाजा मोजक्या जातींपुरताच उघडा होता. दुसरे उत्तर शिकवण्यांचे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्यांनी मुंबईतील विद्यार्थिदशेत शिकवण्या करून आपला खर्च भागविला. तिसरे आणि सर्वांत मूलगामी उत्तर दिले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले. मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, इमारतीसाठी दगड फोडावेत, आणि त्या श्रमांच्या बळावर शिकावे, ही 'कमवा आणि शिका' या सूत्रामागची दृष्टी होती. त्यात भिक्षा नव्हती आणि जातीची अटही नव्हती.

या योजनेचे गुणगान पुष्कळ झाले आहे. तथापि तिच्या रचनेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तेथे काम देणारा आणि शिक्षण देणारा एकच होता. कुदळ केव्हा हाती घ्यावयाची आणि पुस्तक केव्हा, हे ठरविणारी संस्था एकच असल्यामुळे कामाची घंटा आणि तासाची घंटा यांची टक्कर होत नसे. पुढे ही परंपरा विद्यापीठांनीही उचलली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तर कर्मवीरांच्याच नावाने चालते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००४ पर्यंत सोलापूरची महाविद्यालये ज्याला जोडलेली होती त्या शिवाजी विद्यापीठातही या योजनेचे वसतिगृह आहे. परंतु महाविद्यालयांत शिकणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशा अशा योजनांतील जागा गरजेच्या मानाने तोकड्या ठरल्या. उरलेले विद्यार्थी बाजाराकडे वळले.

न मोजलेले कामगार

सोलापूरच्या बाबतीत तर विद्यार्थ्यांचे काम ही नवी गोष्टच नव्हे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे अनेक दशके शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवला आणि मावळला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, परंतु यंत्रमाग राहिले. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या पूर्व भागातील घरांत शाळा-महाविद्यालयांत जाणारा मुलगा कांड्या भरण्यास किंवा तुटलेला धागा जोडण्यास हात लावतो, तेव्हा त्याला कोणी 'अर्धवेळ नोकरी' म्हणत नाही. ते घरचे काम असते.

त्याहून दडलेले काम मुलींचे आहे. सोलापूर हे विडी कामगार स्त्रियांचे फार मोठे केंद्र आहे. विडीची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. कारखान्याच्या शाखेतून पाने आणि तंबाखू आणावयाची, पाने भिजवून मापाने कातरावयाची, विड्या वळून दोऱ्याने बांधावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या. नापसंत म्हणून बाजूला काढलेल्या विड्या हिशेबातून वजा होतात. आईच्या हातून दिवसाची संख्या पुरी होत नसेल तर महाविद्यालयातून आलेली मुलगी तिच्याशेजारी सूप घेऊन बसते. कार्ड आईच्या नावाचे, मजुरी आईच्या नावाची, भविष्य निर्वाह निधी असला तर तोही आईच्याच नावाचा. मुलीचे दोन-तीन तास मात्र कोणाच्याच खाती जमा होत नाहीत.

सरकारी श्रमशक्ती पाहणीच्या व्याख्या या बाबतीत अनुदार नाहीत. वर्षाचा बहुतेक काळ शिक्षणात घालविणारी व्यक्ती मुख्य व्यवसायाच्या कसोटीने श्रमशक्तीबाहेर धरली जाते. पण वर्षात किमान ३० दिवस काम केले असेल तर दुय्यम कसोटीने ती कामगार ठरते, आणि घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणारेही कामगारच गणले जातात. अडचण व्याख्येत नसून उत्तरात आहे. दारात आलेल्या गणकाने 'मुलगी काय करते?' असे विचारले, की घरातून उत्तर मिळते, 'ती शिकते.' ते उत्तर खोटे नसते, पण ते अर्धेच असते.

चोवीस तासांचे अंदाजपत्रक

बाजारातील कामाकडे वळलेल्या मुलाचा हिशेब वेगळा आहे. कापडदुकान, औषधदुकान, झेरॉक्सचे दुकान, मार्केट यार्डात अडत्याकडे हिशोबपट्ट्या लिहिणे, पहाटे वर्तमानपत्रे टाकणे, मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करणे आणि अलीकडे दुचाकीवरून घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविणे, ही त्याची क्षेत्रे. समजा, चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर असलेल्या गावाहून तो रोज ये-जा करतो. प्रवासाचे तीन तास, महाविद्यालयाचे पाच, दुकानाचे पाच, झोपेचे सात, आंघोळ-जेवणाचे दोन. बेरीज बावीस होते. वाचनासाठी उरतात दोन तास, तेही शेवटची गाडी चुकली नाही तर! दुकानदाराने 'आज जरा थांब' म्हटले, की हे दोन तासच प्रथम जातात, कारण अंदाजपत्रकातील तेवढीच रक्कम लवचीक असते.

यात भर पडते ती हंगामाची. दुकानात गिऱ्हाईक लोटते ते दिवाळीच्या आगेमागे, आणि लग्नसराई असते उन्हाळ्यात. महाविद्यालयांच्या सत्रपरीक्षाही बहुधा याच दोन मोसमांच्या आसपास येतात. म्हणजे बाजाराला विद्यार्थ्याची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हा असते, जेव्हा त्याची गरज परीक्षेलाही असते. याउलट संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी येते. तेथील चार-आठ दिवसांचे काम अभ्यासाला फारसे बाधत नाही. काम वाईट की चांगले हे कामावरून ठरत नाही, ते पंचांगावरूनही ठरते.

मजुरीचीही तीच कथा. किमान वेतनाचे तत्त्व या देशात १९४८ च्या कायद्याने मान्य झाले, आणि २०१९ च्या वेतन संहितेत तास, दिवस व महिना अशा तिन्ही हिशेबांनी किमान वेतन ठरविण्याची तरतूद आहे. परंतु 'अजून शिकतोय, हातखर्चाला होतील' असे म्हणून विद्यार्थ्याच्या हाती महिन्याकाठी ठोक रक्कम टेकविली जाते, तेव्हा तिला तासांनी भागून पाहण्याचे धैर्य त्याला होत नाही. ओळखीने मिळालेल्या कामात भांडता येत नाही. ओळख हेच त्याचे भांडवल असते आणि तेच त्याचे दावेही असते.

महाविद्यालयाने मध्ये उभे राहावे

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा नव्हे. अमेरिकेने १९६४ च्या कायद्यान्वये गरजू विद्यार्थ्यांसाठी अशी व्यवस्था केली, की काम बहुधा महाविद्यालयानेच द्यावे आणि वेतनाचा मोठा भाग केंद्र सरकारने सोसावा. जर्मनीत सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करणाऱ्यास विमाविषयक नियमांत विद्यार्थी म्हणून वागविले जाते. त्यापलीकडे तो प्रामुख्याने कामगार समजला जातो. दोन्हींमागचा विचार कर्मवीरांच्या विचाराशी जुळणारा आहे. विद्यार्थ्याच्या वेळेला कोणीतरी कुंपण घातले पाहिजे.

सोलापुरात हे कुंपण घालण्यास फार मोठा निधी लागेल असे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एक कामनोंदणी कक्ष उघडावा. ज्याला विद्यार्थी हवा त्याने कामाचे स्वरूप, वेळ आणि तासाचा दर लेखी द्यावा. आठवड्याचे तास वीसच्या आत असावेत, परीक्षेच्या काळात रजा मिळावी आणि दर किमान वेतनाहून कमी नसावा, एवढ्या तीन अटी पुरेत. ग्रंथालय, प्रयोगशाळा व कार्यालयातील शक्य तेवढी कामे महाविद्यालयांनी स्वतःच विद्यार्थ्यांना द्यावीत आणि त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेल उत्पादकांना हिशेब, पत्रव्यवहार आणि मालाची नोंद ठेवणारे हात लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ते काम केले तर त्याला नव्या शैक्षणिक धोरणातील कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक का मिळू नयेत? फुकट केलेल्या प्रशिक्षणाला गुण, आणि घाम गाळून केलेल्या नोकरीला गैरहजेरीचा शेरा, हा न्याय विचित्र आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, दुकानदाराला हे परवडणार नाही. पण एका पूर्णवेळ नोकराच्या जागी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन विद्यार्थी, आणि वर महाविद्यालयाची हमी, हा सौदा आज ओळखीवर ठेवलेल्या व अचानक निघून जाणाऱ्या मुलापेक्षा तोट्याचा नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या शहरात गिरण्या बंद पडून प्रौढांनाच काम नाही, तेथे विद्यार्थ्यांनी त्यांच्या पोटावर पाय द्यावा काय? या आक्षेपाचे उत्तरही दरातच आहे. विद्यार्थी स्वस्त मिळतो तोवरच तो दुसऱ्याची जागा घेतो आणि सर्वांची मजुरी खाली ओढतो. त्याच्या तासाचा दर इतरांइतकाच ठेवला, तर तो स्पर्धक न राहता सोबती होतो.

सूप घेऊन बसलेल्या मुलीसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही. तिला दुकानात पाठविण्यास घर सहसा तयार होत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दोन तासांचे काम ते नाकारीलच असे नाही. अशा जागा भरताना तिचा पहिला हक्क मानावा आणि मोबदला तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करावा. घरात येणारी रक्कम कदाचित विडीइतकीच असेल. पण ते तास प्रथमच तिच्या नावावर लिहिले जातील.

पुढच्या जूनमध्ये गाड्या पुन्हा भरून येतील. त्यांतून उतरणाऱ्या मुलाने काम शोधत पेठेतील पाट्या वाचीत हिंडावे, की महाविद्यालयाच्या फलकावर वेळ आणि दर यांसह लिहिलेली यादी वाचावी, हे प्राचार्य, प्राध्यापक आणि व्यापारी यांनी ठरवावयाचे आहे. मुलगा दोन्हीकडे काम करण्यास तयारच आहे.