‘हळूहळू करमेल’ हे अर्धंच खरं

बदली झाली, नोकरी लागली, कोणी शिकायला परगावी गेलं, की घरची माणसं एकच धीर देतात: सुरुवातीचे दिवस जड जातात, मग हळूहळू करमतं. या बोलण्यात माया असते, पण दोन गैरसमजही असतात. रुळण्याची एक ठरलेली वाट असते हा पहिला, आणि त्या वाटेवरून काळच आपल्याला पुढे नेतो हा दुसरा. वर्ष उलटूनही ज्याला करमत नाही, तो मग आपल्या स्वभावालाच दोष देत बसतो.

ठरलेल्या वाटेची कल्पना आली एका अभ्यासातून. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे देशबांधवांच्या मुलाखतींवर १९५५ साली लिहिलं. सहा महिन्यांहून कमी आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळात परतलेल्यांचं तितकंसं जमलं नव्हतं. त्यावरून आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं असा आलेख रूढ झाला. पण ही माणसं वेगवेगळी होती, एकाच माणसाचा मागोवा कोणी घेतलाच नव्हता. कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना वर्षभर टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत मनावरचा ताण सर्वांत जास्त आढळला तो पोचल्या पोचल्याच. तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडू आलं, तर त्यात विपरीत काही नाही.

काळाचं काय? कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या साडेतीनशेच्या आसपास प्रौढांना, नव्याने झालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर किती तास घालवले हे विचारलं. २०१८ साली त्यांनी मांडलेला अंदाज असा: ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला पन्नासेक तास, मैत्रीला नव्वदच्या आसपास आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेहून अधिक. शिवाय कामाच्या जागी एकत्र घालवलेले तास फारसे मोजले जात नाहीत, हे मला त्या आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं. आकडे अमेरिकेतले आहेत, ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण ऑफिस आणि खोली एवढ्यातच वर्ष गेलं, तर कॅलेंडर पुढे सरकतं आणि माणूस होता तिथेच राहतो, हे कुठल्याही गावात खरं आहे.

यावर सुज्ञ माणसं सांगतात की मग आपल्या गावच्या लोकांत अडकू नकोस, नव्या माणसांत मिसळ. हा सल्ला ऐकायला बरा, पण मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव वेगळा आहे. रत्नागिरी, सातारा भागातून आलेला गडी गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा, गावकीच्या मंडळात जायचा. गिरणीतली नोकरीही बहुधा कुणा गाववाल्याच्या शब्दावर मिळायची. त्याच चाळींतून व्यायामशाळा, भजनी मंडळं, गणेशोत्सव आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या. आपल्या माणसांचं वर्तुळ त्याच्यासाठी शहराचा दरवाजा होतं. ते वर्तुळ कुंपणही होऊ शकतं, जातीच्या बाबतीत ते झालंही, हे नाकारता येत नाही. पण दरवाजाच नसेल तर नवख्याने आत यायचं कुठून?

सगळ्यांत जड आक्षेप अजून राहिला आहे. लग्न होऊन परक्या गावी गेलेल्या मुली कुठे तास मोजतात, त्या रुळतातच की! आपल्या देशातली गाव बदलण्याची सर्वांत मोठी घटना हीच आहे. २०२०-२१च्या सरकारी पाहणीनुसार स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांनी लग्नामुळे घर सोडलं. पण हा आकडा त्या गेल्या एवढंच सांगतो. तिथे त्यांना करमलं का, हे त्यात विचारलेलं नाही, आणि सहसा घरातही कोणी विचारत नाही. राहिली म्हणजे रुळली, असं धरून चालतात. सासरी माणसं भरपूर असतात, पण त्यातली एकही तिने निवडलेली नसते, आणि त्यांच्यासोबतचा बराचसा वेळ कामातच जातो. शेजारच्या दारापर्यंत न विचारता जायची मोकळीक तिला नसेल, तर मैत्रिणीसाठीचे पन्नास तास ती आणणार कुठून?