खेळाडूच्या हातातला फोन

१ जून २०१८. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. ती पाहायला स्टेडियममध्ये प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ट्विटरवर स्वतःचा एक व्हिडिओ टाकला. त्याचं म्हणणं साधं होतं: तुम्हाला युरोपातले क्लब आवडतात, आमचा खेळ त्यांच्या तोडीचा नाही, हे मान्य. शिव्या घालायच्या असतील तर मैदानावर येऊन घाला, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. मुंबईत त्या संध्याकाळी धो धो पाऊस होता आणि स्टेडियम भरलेलं होतं. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. भारत ३-० असा जिंकला, त्यातले दोन गोल त्याचेच.

खेळाडू आणि सोशल मीडिया हा विषय निघाला की गप्पा लगेच विराट कोहलीच्या फॉलोअर्सवर आणि एका पोस्टला किती कोटी मिळतात यावर जातात. मला मात्र दर वेळी ते पावसातलं स्टेडियम आठवतं. क्रिकेटपटूचं म्हणणं घरोघर पोचवायला वाहिन्या आणि वर्तमानपत्रं टपलेलीच असतात. फुटबॉलपटू, बॉक्सर, पैलवान यांच्याकडे चार वर्षांतून एकदा, ऑलिम्पिकच्या पंधरवड्यात, कॅमेरा वळतो. उरलेल्या दिवसांत त्यांच्याजवळ असतो तो फक्त हातातला फोन.

लव्हलिना बोर्गोहेनने तो कसा वापरला, ते पाहा. टोकियोत कांस्यपदक जिंकलेली ही बॉक्सर जुलै २०२२मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बर्मिंगहॅमला पोचली. तिच्या प्रशिक्षक संध्या गुरुंग यांच्याकडे प्रवेशपत्र नव्हतं, त्यामुळे त्यांना क्रीडाग्रामात शिरता येईना. स्पर्धा तोंडावर, आणि सराव ठप्प. लव्हलिनाने २५ जुलैला ट्विटरवर सविस्तर लिहिलं, आपला मानसिक छळ होतोय असं स्पष्ट शब्दांत मांडलं. दुसऱ्या दिवशी गुरुंग यांना प्रवेशपत्र मिळालं. संघटनेच्या पायऱ्या झिजवून जे होत नव्हतं ते एका पोस्टने झालं. एरवी खेळाडूची तक्रार संघटनेच्याच हाती द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं, अशी रीत. आता ती तक्रार संघटनेच्या आधी देशाने वाचली.

पण लव्हलिनाचं ऐकलं गेलं, कारण तिच्या गळ्यात आधीच ऑलिम्पिक पदक होतं. बीड किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या धावपटू मुलीने दोनशे फॉलोअर्ससमोर हेच लिहिलं असतं, तर? फोन तिच्याकडेही आहे. ऐकणारे नाहीत.

हे ऐकणारे, म्हणजे फॉलोअर्स, आज खेळाडूच्या मिळकतीचा भाग झाले आहेत. करारात आता नुसती टीव्हीची जाहिरात नसते. किती पोस्ट, किती रील, किती स्टोरी, कोणत्या तारखेला, हे सगळं लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा खातं सांभाळतं ते खेळाडूचं व्यवस्थापन. २०२१मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकल्यावर अनेक ब्रँड्सनी तिचं नाव आणि फोटो वापरून अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. तिच्याशी कसलाही करार नसताना. तिच्या व्यवस्थापन कंपनीने त्यांच्याविरुद्ध कायदेशीर पावलं उचलली. तेव्हा ‘अभिनंदनच तर केलं, त्यात एवढं काय?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. मला सिंधूची बाजू शंभर टक्के पटते. तिच्या प्रायोजकांनी ज्या नावासाठी रीतसर पैसे मोजले, तेच नाव दुसऱ्या कंपनीने आपल्या बोधचिन्हाशेजारी फुकट चिकटवलं, तर ते कौतुक राहत नाही, ती जाहिरात होते. बॅडमिंटनपटूची कमाईची वर्षं मोजकीच असतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या दोन कांस्यपदकांनंतर, २०२४मध्ये, पुन्हा हाच प्रकार घडला आणि पुन्हा नोटिसा गेल्या.

शिस्त खेळाडूंनीही पाळायची आहे. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचं ठळक सांगणं बंधनकारक आहे, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं. दिशाभूल केल्यास पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुढे ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पंधरा वर्षांचं पोर आवडत्या खेळाडूच्या हातातली पावडरची बरणी बघून ‘हाच खुराक’ असं धरून चालतं, तेव्हा ‘जाहिरात’ या एका शब्दाचं मोल कळतं.

निरोपही आता इथेच दिले जातात. रोहित शर्माने ६७ कसोटींची कारकीर्द ७ मे २०२५ला इन्स्टाग्रामच्या स्टोरीत संपवली, म्हणजे चोवीस तासांत आपोआप दिसेनाशा होणाऱ्या चौकटीत. पाच दिवसांनी कोहलीचीही पोस्ट आली. कुस्तीपटू विनेश फोगटचा निरोप आठवला की मात्र अजून घसा दाटून येतो. १०० ग्रॅम जास्त वजन भरल्याने ती पॅरिसच्या अंतिम लढतीआधी अपात्र ठरली आणि दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्ट २०२४ला, तिने एक्सवर आईला उद्देशून चार ओळी लिहिल्या. पत्रकार परिषदेत, प्रश्नांच्या माऱ्यात, त्या ओळी तिला उच्चारता आल्या असत्या असं मला वाटत नाही.

मात्र ज्या दारातून खेळाडू बाहेर बोलतो, त्याच दारातून जमाव आत घुसतो. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं आणि मोहम्मद शमीच्या खात्यावर त्याच्या धर्मावरून गरळ ओकली गेली. कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, तर कोहलीच्या वर्षाच्याही नसलेल्या मुलीला धमक्या आल्या. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला आणि त्याला खलिस्तानी ठरवलं गेलं.

यामागे नुसता द्वेष नसतो, जुगारही असतो. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ या वर्षातल्या १६ लाख पोस्ट आणि प्रतिक्रिया तपासून घेतल्या. त्यांत सुमारे ८ हजार शिवीगाळीच्या निघाल्या, ४५८ खेळाडूंना उद्देशून. त्यांतल्या ४० टक्के पैज हरून चिडलेल्यांच्या होत्या. हरलेली मुलगी कोर्टवरून येऊन फोन उघडते आणि कुणीतरी आपल्या बुडालेल्या पैशांचा हिशेब तिच्याकडे मागत असतो. हा त्रास तिचा खासगी प्रश्न नाही. तो तिच्या कामाच्या जागी होतो आहे, आणि ती जागा सुरक्षित ठेवणं संघटनांचं काम आहे. टेनिसने निदान खेळाडूंच्या खात्यांवर पहारा बसवला आहे.

हा जमाव खेळाडूच्या घरच्यांनाही सोडत नाही. भालाफेकपटू नीरज चोप्राने एप्रिल २०२५मध्ये आपल्या बंगळुरूतल्या भालाफेक स्पर्धेचं आमंत्रण पाकिस्तानच्या अर्शद नदीमलाही पाठवलं होतं. पहलगामचा दहशतवादी हल्ला त्यानंतर झाला. तरी नीरजवर, त्याच्या घरच्यांवर शिव्यांची लाट आली. त्याने एक लांब निवेदन लिहिलं. त्यात आईचा उल्लेख होता. पॅरिसमध्ये अर्शदने सुवर्ण आणि नीरजने रौप्य जिंकल्यावर अर्शदही आपलाच मुलगा, असं ती माउली सहज बोलून गेली होती. वर्षभरापूर्वी त्या शब्दांना ज्यांनी डोक्यावर घेतलं, तेच आज त्याच शब्दांवरून तिला बोल लावताहेत, असं त्याने लिहिलं. स्पर्धा पुढे ढकलावी लागली. ५ जुलैला कांतीरवा स्टेडियमवर ती झाली, तेव्हा नीरजने ८६.१८ मीटर भाला फेकला आणि ती जिंकली.