वर्गातले मूल आणि संशोधकाची वही

तिसरीच्या पटावर नाव आहे म्हणून मुलाला तिसरीचे पुस्तक वाचता येतेच असे नाही. एका बाकावरची मुलगी गोष्ट सलग वाचते, तिच्या शेजारचा मुलगा जोडाक्षराशी अडतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या एखाद्याला ‘म’ आणि ‘भ’ अजून वेगळे ओळखता येत नाहीत. पाठ्यपुस्तक तिघांनाही एकच, आणि ते वर्ष संपायच्या आत संपवायचे असते. शिक्षक मधल्या मुलांकडे बघून शिकवतो. मागे पडलेले मूल रोज थोडे आणखी मागे पडते. अध्यापनाच्या कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा त्या भिंतीजवळच्या मुलापाशी होते. त्याच्यावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

मुलाकडे बघून पद्धत बदलण्याची परंपरा पश्चिम भारतात जुनी आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी होत्या. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नावही त्यावरूनच पडले. या कामात आकडेशास्त्र नव्हते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दिवसेंदिवस केलेले निरीक्षण होते आणि जे जमले नाही ते सोडून देण्याची तयारी होती. निरीक्षण करणारी व्यक्ती त्याच मुलांमध्ये वर्षानुवर्षे राहत होती, हे त्या ज्ञानाचे मोठे बळ होते.

मोजमापाचा टप्पा बराच नंतर आला. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांमध्ये ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून घ्यायची आणि वाचन, बेरीज-वजाबाकी अशा पायाभूत गोष्टी शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाची पाहणी केली.

तिची आखणी नीट समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या इयत्तांना पुरतील एवढ्या बालसख्या नव्हत्याच. तेव्हा बडोद्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळांची विभागणी झाली. अर्ध्या शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, अर्ध्या शाळांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल झाली. एका शाळेतली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी ताडून पाहता आली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. तुलनेसाठी काही शाळांना मदतीपासून पूर्ण दूर ठेवावेच लागते, असे संशोधनात नेहमी सांगितले जाते. ते प्रत्येक वेळी खरे नसते, हे या आखणीने दाखवून दिले.

निष्कर्षही बोलके होते. पहिल्या वर्षी सरासरी गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) ०.१४ पटीने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ पटीने. फायदा मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्यांच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे वर्गातली संख्या कमी झाली एवढ्याने काम भागत नाही. शिकवणे मुलाच्या पातळीला यावे लागते. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात वाढीचा बराच भाग ओसरला, हेही अभ्यासकांनी लपवले नाही.

यातूनच ‘पातळीनुसार अध्यापन’ ही पद्धत आकाराला आली. तिची सुरुवात एका छोट्या चाचणीने होते. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात हीच रीत आहे. मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या तोडीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट. आधी परिच्छेद वाचायला सांगतात. जमला तर गोष्ट. अडले तर शब्द, तेही अडले तर अक्षरे. मूल बोट ठेवून वाचते, मध्येच वर बघते. त्या क्षणी चाचणी घेणाऱ्याने भुवई उंचावली किंवा ‘एवढेही येत नाही?’ असे पुटपुटले, तर पुढचा शब्द त्या मुलाच्या तोंडून येणार नाही. चाचणी काही मिनिटांची असते, पण ती एका मुलाची एका मोठ्या माणसाशी एकट्याने झालेली गाठ असते. त्यानंतर दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट बसतात. बाराखडीचा तक्ता, मोठ्याने वाचन, गोष्टीवर गप्पा, काड्या आणि गठ्ठ्यांनी दशक-एकक. गट कायमचे नसतात. मूल पुढे गेले की गट बदलतो. गट गोठला की पद्धत मेली आणि कपाळावरचा शिक्का तेवढा उरला.

सरकारी व्यवस्थेत हेच उतरवताना ठेच लागली. उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, पण नेहमीचे वेळापत्रक तसेच राहिले आणि परिणाम दिसला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये या कामासाठी शाळेचा तास राखून ठेवला, वरून देखरेख ठेवली, तेव्हा मुलांचे भाषेचे गुण वाढले. उत्तर प्रदेशात थोड्या दिवसांच्या सघन वर्गांनी त्याहून मोठी मजल मारली. उत्तराखंडचे अपयश छापले गेले नसते, तर इतर राज्यांनी तोच खर्च पुन्हा केला असता. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे सांगणे हा संशोधन-नीतीचा भाग आहे आणि त्याची उपेक्षा सर्वांत जास्त होते.

संशोधन-नीती मुळात कशासाठी लागते, ते अमेरिकेतल्या एका घटनेतून कळते. १९३९ मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात बावीस मुलांवर बोलण्यातल्या अडखळण्याचा अभ्यास झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की तुमचे बोलणे सदोष आहे. ती मुले बोलायला बिचकू लागली. संमती देणारे आईबाप नव्हतेच. हा अभ्यास करणाऱ्या आयोवा विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. तोवर ती मुले म्हातारी झाली होती. १९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ‘ही लवकरच चमकतील’ असे सांगितले होते. नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडलेली होती. त्याच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले. इथे अपेक्षा चढवली होती, आयोवात उतरवली होती. दोन्ही ठिकाणी मोठ्यांचे शब्द हेच प्रयोगाचे औषध होते, आणि मुलांना त्याचा पत्ता नव्हता.

माणसांवरच्या संशोधनासाठी अमेरिकेतल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे मांडली: व्यक्तीचा मान, हित आणि न्याय. वर्गात त्यातले पहिलेच अवघड जाते. पालकांची सही घेणे सोपे. पण ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांनी सही कशावर केली? मुख्याध्यापकांची परवानगी ही शाळेत शिरण्याची परवानगी असते, मुलाची संमती नव्हे. आणि बाईंनी विचारल्यावर ‘नको’ म्हणणारे मूल आपल्या शाळांत विरळा. म्हणून मुलाचा होकार वेगळा घ्यावा, शक्यतो त्याच्या शिक्षकाच्या माघारी, आणि मधेच उठून जाण्याची मोकळीक त्याच्या घरच्या भाषेत सांगावी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. संशोधनाला त्यात काही अटींवर सवलत असली, तरी मुलाचे नाव, गुण आणि फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणे कोणत्याही अर्थाने संशोधन नव्हे.

बी.एड. आणि डी.एड.च्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधन असते: वर्गातली एक अडचण, तिच्यावर उपाय, आधीची आणि नंतरची चाचणी. ते मनापासून केले तर शिक्षकाच्या हाती याहून चांगले साधन नाही. पण शिक्षक आणि संशोधक एकच असल्याने इथे नीती आणखी नाजूक होते. प्रकल्पवही भरण्यासाठी गुणांची वाढ बसल्या जागी लिहून काढणे ही लहानशी लबाडी मानली जाते. ती लहान नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला वाचता येते असे लिहिले की त्याच्याकडे पुन्हा कोणी वळून बघत नाही.

शाळेत चाचणीचा कागद घेऊन कोणी आले, तर पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना एक गोष्ट जरूर विचारावी: यातून काय निघाले ते आम्हाला सांगायला परत कधी येणार? आणि ती तारीख लिहून घ्यावी.